सोलरचं पाणी सकाळी कोमटच येतंय, सगळ्या ट्यूब बदलायच्या का?

इंदिरानगरवासी
नाशिक, इंदिरानगर. बंगला तळमजला अधिक एक. गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, ५८ मिमीच्या २० ट्यूब, सहा वर्षं जुना. दिवाळीपर्यंत पाणी कडक यायचं, आता सकाळी सहाला अंघोळीपुरतंही तापलेलं नसतं. मधल्या काळात एकच बदल झाला: थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवला. पाणी महापालिकेचं आणि बोअरचं मिसळून. दोन ट्यूबांची खालची टोकं पांढरी पडलीत, बाकीची चंदेरी आहेत. बॅकअपचा दोन किलोवॅटचा हीटर तासभर लावला तरी फारसा फरक पडत नाही. सोलरवाल्याने पाहून सांगितलं, सगळ्या ट्यूब बदला. त्याने प्रश्न सुटेल का?

नळजोडणी
ट्यूबांना आत्ता हात लावू नका. पाणी तापतच नाही, की तापलेलं पाणी खाली येईपर्यंत गार होतं, हे आधी ठरवा.

दुपारी बारानंतर गरम पाणी वापरू नका, पंप बंद ठेवा आणि चारला गच्चीवर जा. टाकीच्या गरम आउटलेटजवळ नळ असेल तर त्याचं पाणी बादलीत घेऊन थर्मामीटर लावा (जपून, भाजू शकतं). स्वच्छ उन्हाच्या दिवशी ५५ ते ६० अंशांच्या आसपास मिळालं तर सोलर आपलं काम करतोय, दोष खालच्या नळांत आहे.

माझा संशय पंपावरच आहे. सोलरची टाकी उघड्या व्हेंट पाइपची (हवा-वाफ बाहेर जायची नळी), तिच्यातलं पाणी फक्त उंचीच्या दाबाने खाली येतं. पंपाचा दाब त्याच्या कितीतरी पट. एखाद्या मिक्सरची गरम-थंड दोन्ही बटणं उघडी ठेवून नुसता हँडशॉवरचा खटका बंद केला, किंवा डायव्हर्टरचं (पाणी नळाला की शॉवरला सोडायचं ते ठरवणारा भिंतीतला मिक्सर) कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा झडपेचा भाग, झिजलं, की थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये घुसतं आणि उलटं वर चढून सोलरच्या टाकीत जातं. पंप चालू असताना व्हेंट पाइपमधून गच्चीवर पाणी ठिबकत असेल तर शंकाच नको.

खात्रीसाठी सोलरचा थंड इनलेट व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू ठेवा आणि खालचा एक गरम नळ सोडा. गरम आउटलेट टाकीच्या वरच्या बाजूला असतं, त्यामुळे इनलेट बंद असताना थोडं पाणी येऊन नळ थांबायला हवा. तो वाहतच राहिला तर ते पाणी मिक्सरमधून आलेलं आहे. मग एकेका बाथरूमचा गरम स्टॉपकॉक बंद करत जा; ज्याने नळ थांबेल, तो मिक्सर दोषी.

एक कळकळीची सूचना. दाब सारखा करायचा म्हणून कुणी पंपाची लाइन सोलरच्या इनलेटला जोडायला सांगेल. ते मुळीच करू देऊ नका. ही टाकी दाबाची नसते, ती फुगते, सांध्यातून फुटते.

वायरमन_सातपूर
हीटरबद्दल. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे ७ युनिट लागतात, म्हणजे दोन किलोवॅटवर साडेतीन तास. तासाभरात जेमतेम साडेआठ अंश वाढणार. फरक जाणवला नाही म्हणून कॉइल गेली असं समजू नका.

तरी तपासा. चालू असताना क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती धरून करंट मोजायचं मीटर) साडेआठ ते नऊ अँपिअर दिसले पाहिजेत. एमसीबी पाडून, वायर सोडवून कॉइलच्या दोन टोकांत २६-२७ ओहम यायला हवेत. टोक आणि अर्थ यांच्यात काहीही दाखवलं तर कॉइलचं कवच फुटलंय. मग आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो आणि तो बरोबरच पडतो. त्याला बायपास करू नका, अंघोळीच्या पाण्यात करंट उतरण्याचा धोका आहे. हीटर दिवसा चालवू नका. टायमर लावून पहाटे अडीचला चालू, सहाला अंघोळीआधी बंद.

ट्यूब_आणि_क्षार
वीसपैकी दोन पांढऱ्या म्हणजे त्या दोनच बदलायच्या. ट्यूब दुहेरी काचेची, मधे निर्वात पोकळी. टोकाचा चंदेरी मुलामा बेरियमचा. हवा शिरली की तो पांढरा पडतो. भर उन्हात हात लावून बघा: चांगली ट्यूब बाहेरून गारच लागते, पांढरी पडलेली गरम लागते, कारण तिची उष्णता बाहेर निसटतेय. रात्री ती टाकीतलं तापलेलं पाणीही निववते, म्हणून टाळाटाळ करू नका.

बदलायचं काम ऊन चढण्याआधी. इनलेट बंद करून ड्रेन उघडा. टाकीच्या तोंडाच्या सिलिकॉन रिंगला साबणाचं पाणी लावा आणि ट्यूब गोल फिरवत आत सरकवा. सरळ रेटली तर रिंग दुमडते आणि गळती सुरू होते. उन्हात रिकाम्या तापलेल्या ट्यूबांत गार पाणी कधीही सोडू नका, काच तडकते.

बोअरचं पाणी आहे, तर त्याच वेळी एक चांगली ट्यूबही काढून तळ बघा. दोन-तीन इंच पांढरा गाळ असेल तर सगळ्या धुवाव्या लागतील. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, एका ट्यूबला सुमारे तीन लिटर द्रावण, रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ धुवा. संडास धुण्याचं अॅसिड टाकीत अजिबात नको, स्टीलच्या वेल्डिंगला बारीक भोकं पडतात.

गच्ची_दक्षिणमुखी
दिवाळीपर्यंत ठीक आणि आता नाही, याला सावलीही कारण असू शकते. नाशिकला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य साधारण साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. दक्षिणेच्या दहा फुटी भिंतीची सावली तेव्हाच साडेनऊ फूट पडते, दहाला आणि तीनला आणखी लांब. ऑक्टोबरमध्ये मोकळ्या असलेल्या ट्यूबा आता शेजारच्या जिन्याच्या खोलीने झाकल्या जात असतील. दहा, बारा, तीन अशा तीन वेळा फोटो काढा. ट्यूबांवरची धूळही पुसा.

इंदिरानगरवासी
सगळ्यांचे आभार. चारला गच्चीवरच्या नळाला ५७ अंश. सावली नाही. इनलेट बंद करूनही खालचा नळ वाहत राहिला. वरच्या बाथरूमचा गरम स्टॉपकॉक फिरवला तसा थांबला. तिथे भिंतीतला डायव्हर्टर आहे, कार्ट्रिज बदललं की पुरे?

नळजोडणी
आधी बघा, त्या बाथरूममध्ये हँडशॉवरचा खटका बंद ठेवून बटण उघडं सोडायची सवय आहे का. तसं असेल तर नवं कार्ट्रिजही वाचवणार नाही. कार्ट्रिज त्याच मॉडेलचं घ्या, जुनं काढून दुकानात सोबत न्या. फरशी फोडावी लागत नाही, पुढची प्लेट निघते. शिवाय त्या मिक्सरच्या गरम लाइनला एक पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, पण झुलत्या झडपेचा, आडव्या पाइपवर, बाण मिक्सरकडे. स्प्रिंगचा घेतलात तर सोलरच्या कमी दाबाला तो नीट उघडणार नाही आणि गरम पाण्याची धार बारीक होईल. तोपर्यंत तो स्टॉपकॉक बंदच राहू द्या, उद्या सकाळी तळमजल्यावर कडक पाणी यायला हवं.