पिशवीत पाणी ‘झालंय’, ‘भरलंय’ की ‘तुंबलंय’?

खानापूरची लेक: आत्याला बेळगावला गर्भपिशवीच्या सोनोग्राफीला नेलं होतं. पाळी जाऊन 15 वर्षं झालेली. डॉक्टर कन्नडमधून म्हणाले, “गर्भकोशदल्ली नीरु तुंबिदे.” मी आत्याला सांगितलं, “पिशवीत पाणी तुंबलंय.” बाकड्यावरच्या एका बाईंनी लगेच दुरुस्त केलं, ‘तुंबलंय नव्हे, भरलंय म्हणा.’ आत्याला गरोदरपणातली, बाळाभोवतीची पाण्याची पिशवी आठवली. माझा हात धरून म्हणाली, “ह्या वयात पाणमोट कसली गं बाई?” नेमकं काय म्हणायला हवं होतं?

निपाणीकर: त्या बाईंचं बरोबर आहे. कन्नड ‘तुंबु’ म्हणजे भरणं. ‘तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल’, भरली घागर डचमळत नाही. तिथं काही अडलेलं नसतं.

चिकोडीची सिस्टर: ताई, शब्द चुकून आला असेल, पण बसला नेमका. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आखडतं, कधी मिटतंच. अस्तरातून पाझरणारं बाहेर पडत नाही. म्हणजे तुंबलंच की! ‘पाणी झालंय’ म्हटलं की बायकांना वाटतं, आतून नवीन काहीतरी तयार होतंय. मात्र तोंड का अडलं ते बघावंच लागतं. कोंब (पॉलिप) असतो, गाठ असते, क्वचित अस्तराचा किंवा तोंडाचा कॅन्सर, कधी किरणांचा शेक (रेडिएशन) दिल्यानंतरचा व्रण. म्हणून डॉक्टर अस्तराची जाडी मोजतात. ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास असेल तर ते पाणी नव्हे, पू. त्याला थांबू नये. आणि वयात आलेल्या मुलीला पाळी दिसत नाही, पण दर महिन्याला कळा येतात, तेव्हा योनीचा पडदा बंद असल्यानं आत रक्त तुंबलेलं असू शकतं. गर्भनळीत साचलेलं पाणी पिशवीत उतरतं, त्याला मात्र मी तुंबणं म्हणणार नाही.

शुद्धलेखनप्रेमी: आधी ‘पिशवी’ सोडा. पिशवी बाजाराची. ‘गर्भाशय’ म्हणा, आणि जलोदरासारखा ‘जलगर्भाशय’ का नको?

चिकोडीची सिस्टर: सर, ‘जलगर्भाशय’ ऐकून त्या आत्यांना पुन्हा पाणमोटच आठवेल. कन्नड बायकाही ‘गर्भचील’ म्हणतात. चील म्हणजे पिशवीच. दोन्ही भाषांतल्या बायकांना एकच वस्तू दिसली, त्याला बाजारू का म्हणायचं?

शुद्धलेखनप्रेमी: बोलताना म्हणा. लेखी माहितीत नको.

हुक्केरीचा शेतकरी: तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीला कन्नडमध्ये ‘तूबु’ म्हणतात. आमचे आजोबा तूबात हात घालून गाळ काढायचे. गाळ बसला की पाणी तुंबायचं. मला तर वाटतं, तुंबणं तिथूनच आलं.

निपाणीकर: काका, तूबु वेगळा, तुंबु वेगळा. ऊकार बघा, अनुस्वार बघा.

हुक्केरीचा शेतकरी: गाळ काढताना अनुस्वार कुठं दिसतोय! तूब अडला की तळं तुंबतं, हे डोळ्यांनी पाहिलंय.

खानापूरची लेक: आत्याच्या पिशवीचं तोंड मोकळं करून तुकडा तपासायला पाठवलाय, सोमवारी कळेल. तिला आता ‘वाट मिटली होती, पाणी अडलं होतं’ एवढंच सांगितलंय, आणि ते तिला पटलंय. काका, तूब तुमच्याकडं ‘तो’ का ‘ते’?