बाबांच्या नजरेतून पतंग निसटतो: पार्किन्सन्समुळे डोळ्यांची हालचालही बदलते का?

दांडियाबाजारकर

नमस्कार. आम्ही बडोद्याचे. बाबा ७२ वर्षांचे, पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. हाताची थरथर, लहान लहान पावलं, बारीक होत गेलेलं अक्षर, हे सगळं आता घरात सवयीचं झालंय. मला विचारायचंय ते डोळ्यांबद्दल.

यंदा उत्तरायणला त्यांना धरून अगाशीवर नेलं. माणूस असा, की चार घरं पलीकडचा पेच बघून कोण कापला जाणार ते आधीच सांगायचा. या वेळी भाच्याने पतंग चढवला आणि बाबा पाच मिनिटांत म्हणाले, "कुठे गेला? आत्ता तर होता." पतंग समोरच होता. सापडला की पुन्हा हरवायचा. शेवटी ते फिरकीकडेच बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

मग इतर गोष्टी लक्षात यायला लागल्या. पेपर वाचताना ओळ संपली की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न येता मधेच कुठेतरी येतात, आणि वाक्य लागत नाही म्हणून पेपर ठेवून देतात. दुपारनंतर अक्षरं दोन दोन दिसतात. एक डोळा झाकला की एकच दिसतं. चष्मा वर्षभरात दोनदा बदलला, पैसे गेले, फरक शून्य. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, पडदा चांगला आहे असं सांगितलंय. मग हे कशामुळे? कुणाच्या घरी असं झालंय का?

कारेलीबागचे काका

ताई, मला स्वतःला पार्किन्सन्स आहे, नववं वर्ष. तुमच्या बाबांचं ओळीचं दुखणं माझंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डोळा फिरवणं हीसुद्धा हालचालच आहे. हाताची, पावलाची हालचाल आखूड होते तशी नजरेची उडीही आखूड पडते. एका जागेवरून दुसरीकडे नजर टाकायची तर ती एका झेपेत पोचत नाही, अलीकडेच थांबते, मग आणखी एक-दोन छोट्या उड्या मारून पोचते. ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतची उडी वाचनातली सगळ्यांत लांब, म्हणून चूक तिथे. मला डॉक्टरांनी समजावलं ते असं: मेंदूत खोल काळसर रंगाचा एक भाग आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा. त्याचा एक हिस्सा नजरेच्या उडीवर सतत ब्रेक दाबून ठेवतो आणि उडीच्या क्षणी ब्रेक सोडतो. डोपामिन, म्हणजे आमच्या आजारात कमी होणारं मेंदूतलं रसायन, कमी पडलं की ब्रेक पुरता सुटत नाही.

पतंगाचं वेगळं. सरकत्या वस्तूमागे नजर सलग फिरावी लागते. आमची नजर मागे पडते आणि मग उडी मारून गाठायला बघते. वयानेही हे थोडं होतं, पण आमच्यात जास्त.

घरी बघा: दोन पेनं खांद्याइतक्या अंतरावर धरा, मान न हलवता एकाकडून दुसऱ्याकडे बघायला सांगा. डोळा टप्प्याटप्प्याने जाताना दिसेल.

माझा उपाय साधा आहे. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापली, ती पानावर सरकवतो. डाव्या समासात बोट ठेवतो. आणि गोळी घेतल्यावर अंग मोकळं असतं त्या तासाभरात वाचतो.

ऑप्टोमेट्रिस्ट, अलकापुरी

एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबतं, हे तुम्ही नीट टिपलंत. याचा अर्थ प्रश्न दोन डोळ्यांच्या मेळाचा आहे. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. पार्किन्सन्समध्ये ते वळणं अपुरं पडतं, दमल्यावर अधिकच. नंबर कितीही बदला, हे सुटणार नाही. वाचनाच्या चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाश थोडा वळवणारी काच, बसवून बऱ्याच जणांना आराम मिळतो. तपासणीला जाल तेव्हा नेमकं "कन्व्हर्जन्स (डोळ्यांचं हे आत वळणं) बघा" असं सांगा.

चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर जिन्यावर तो नको. खालच्या काचेतून पायरी अंधुक दिसते आणि पाय चुकतो. चालायला वेगळा, वाचायला वेगळा ठेवा.

पापण्यांकडेही लक्ष द्या. आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, पार्किन्सन्समध्ये हे बरंच कमी होतं. डोळा कोरडा पडतो, अंधुक दिसतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू करा. थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल चालू असेल तर तिनेही जवळचं अंधुक होतं; मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

लष्कर, ग्वाल्हेर

एकच सांगते, कारण आमच्याकडे उशीर झाला. वर-खाली बघायला त्रास होतोय का ते बघा, विशेषतः खाली. माझ्या सासऱ्यांना ताटातलं दिसेना, आणि आजाराच्या पहिल्याच वर्षी ते वारंवार मागे पडायचे. सगळे पार्किन्सन्स समजत राहिले, निघालं पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. हा वेगळा आजार आहे, १९६४ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन झालं, आणि पार्किन्सन्सची औषधं त्यात फारशी लागू पडत नाहीत.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पेनं धरून बघितलं. काका म्हणतात तसंच, डोळा तीन टप्प्यांत गेला. खाली आणि वर मात्र नीट बघतात, आणि मागे कधी पडलेले नाहीत. तरी न्यूरॉलॉजिस्टना विचारणारच.

बाबांना सांगितलं की डोळे खराब नाहीत, उडी आखूड पडते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, डोकं चाललं नाही म्हणून वाक्य लागत नाही." वर्षभर हे मनात ठेवून होते, आम्हाला कुणालाच बोलले नाहीत.

आज सकाळी लग्नपत्रिकेच्या जाड कागदात खाच कापून दिली. संपादकीय पूर्ण वाचलं, पंचवीस मिनिटं लागली. प्रिझमच्या तपासणीसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे.