पाकिस्तानच्या जेलमधल्या खलाशाची फाईल कुठे अडकलीय ते कसं कळेल?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या तलासरीकडच्या पाड्यावरचा एक जण ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला, मालकाकडून सीझनची उचल घेऊन, दरवर्षीसारखाच, आणि ती बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली. आता तो कराचीला मलीर जेलमधे आहे. हे पण सरकारकडून नाही कळलं हां, तिथून सुटून आलेल्या दुसऱ्या एका खलाशाने सांगितलं.

मी वाचलं त्याप्रमाणे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, पकडल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपली नि माणूस त्याच देशाचा हे पक्कं झालं की महिन्याभरात सोडायचं. १ जुलै २०२५ ला त्यांनी आपले १९३ मच्छीमार दाखवले, आपण त्यांचे ८१. पेपरात आकडा येतो, नावं नाही येत. वहिनी विचारतात, त्या १९३ मधे आमचा आहे का, काय सांगू?

दोन्हीकडच्या निवृत्त जजांची एक कमिटी जेलमधे जाऊन कैद्यांना भेटायची, ती २०१३ नंतर गेलेलीच नाही. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर तर अटारीची सीमा बंद, हायकमिशनमधली माणसंही कमी केली.

पण आमची गोम "माणूस आपलाच" इथे आहे. पोलीस घरी येऊन कागद बघून गेले, आधारवर बापाचं नाव जान्या, रेशनकार्डावर जानू, आणि बोटीच्या गुजराती कागदात कुणीतरी जानूभाई करून ठेवलंय! मग तो रिपोर्ट जिल्ह्यातच पडलाय, मुंबईला गृहखात्यात गेला की दिल्लीला पोचला, हे विचारायचं कुठे? आरटीआय टाकू का? तहसीलला प्रतिज्ञापत्र केलं तर चालतं का? शिवाय पकडलेल्यांच्या घरी गुजरात सरकार रोजचा भत्ता देतं म्हणतात, बोट तिकडची पण माणूस महाराष्ट्राचा असेल तर? मालक फोन उचलत नाही.

अपडेट: प्रतिसादात परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका असं सांगितलंय, धन्यवाद, आज रात्रीच टाकतो. फक्त बापाचं नाव कुठलं लिहू, आधारवरचं की बोटीवरचं?