मदत हवी आहे: "करमंना" म्हणणाऱ्या दुसरीतल्या मुलाला काय उत्तर द्यायचं?

डोंगरवाट:

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या वर्गात एकवीस मुलं.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, त्यामुळे कोयता जातोच. कोयता म्हणजे नवरा-बायको, हे बाहेरच्या वाचकांसाठी. गावात म्हातारीकोतारी उरतात आणि माझ्या वर्गात नऊ मुलं अशी, की ज्यांना मागे ठेवलंय.

त्यातला एक. त्याला इथे सोन्या म्हणते. गेल्या वर्षी तो फडावरच (ऊस तोडतात त्या शेतावर) होता, आईबरोबर कोपीत, म्हणजे तिथल्या खोपटात. यंदा धाकटी अंगावर पिते म्हणून तिला नेलं आणि शाळा बुडते म्हणून ह्याला आजीकडे ठेवलं. शाळेत ठेवा म्हणून पालकांच्या मागे मीच लागले होते. ते मला टोचतंच आहे.

सोन्या खिचडीतली अर्धी खिचडी वहीच्या पानात बांधून दप्तरात ठेवतो. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा मला कळलं. कुणासाठी रे? तर "कुणासाठी न्हाई." दुपारी रोज पोट दुखतं. उपकेंद्रात दाखवलं, जंताची गोळी झाली, पोट दुखायचं थांबलं नाही. आणि मारतो. सगळ्यांना नाही. एका मुलीची आई तिला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येते, बरोब्बर तिलाच.

मध्यंतरी शिक्षण परिषदेत मुलांच्या भावनांवर एक सत्र झालं. उत्साहाने येऊन चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावला: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, आश्चर्यचकित. रोज सकाळी मुलांनी आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. एकवीसच्या एकवीस पोरांनी 'आनंदी'वर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एकीने हळूच विचारलं, "बाई, तेच बरूबर हाय ना?" 'आश्चर्यचकित' वाचून दाखवण्यात मात्र जोरदार चुरस लागली. जोडाक्षरांचा सराव म्हणून तक्ता झकास.

मग तक्ता सोडला आणि परिपाठात नुसतं विचारलं, आज कसं वाटतंय? सोन्या म्हणाला, "करमंना." पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणाले, "अरे, येईल की आई." तो म्हणाला, "कवा?" मी म्हणाले, "लवकर."

पट्टा पडायला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपायला, मार्च उजाडणार हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

तर विचारायचं ते हे. मुलाने मोकळेपणी सांगितलं आणि त्यावर आपल्या हातात काहीच नसलं, तर काय बोलायचं? इतर मुलं हसतात त्याचं काय करू? आणि हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे कधी समजायचं? तालुक्याला मुलांचे समुपदेशक वगैरे नाहीत, तेव्हा "तज्ज्ञांना भेटा" एवढंच कृपया नको.

निवांत नाही:

राग मानू नका बाई, पण आमच्या वेळी कोण विचारत होतं कसं वाटतंय म्हणून? पाठीत धपाटा बसायचा आणि कामाला लागायचो. विचारून विचारून पोरं हळवी होतात. त्याला मॉनिटर करा, रडायला वेळच मिळणार नाही.

फडावरचा:

निवांत, धपाटे मीही खाल्लेत. वर्गात शिक्षकाने मारणं आता शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंद आहे, आणि त्यात मानसिक त्रासही येतो, ते राहू द्या. पण "कोण विचारत होतं" म्हणता, तर कुणीच विचारत नव्हतं. ते बरं होतं असं मला तरी वाटत नाही.

बाई, मी सोन्याच होतो. तिसरी ते सहावी आजीकडे. ट्रक पहाटे निघायचा. मी रडीन म्हणून आई मला झोपेत सोडून जायची. घरच्यांना वाटायचं, पोराला त्रास नको. झालं असं की पुढे कित्येक वर्षं मला झोपायचीच भीती वाटायची. अजूनही कुणी न सांगता घरातून बाहेर गेलं की माझं डोकं फिरतं. बायको आता चप्पल घालायच्या आधी ओरडून सांगते.

खिचडीचं मला काही नवल वाटलं नाही. मी गुळाचे खडे साठवायचो. आईला द्यायचे म्हणून असं नाही, आई आली तर हातात काहीतरी पाहिजे म्हणून. मुंग्या लागल्या आणि आजीने फेकले, तेव्हा मी आजीला चावलो होतो. तेव्हा ती खिचडी त्याच्या देखत फेकू नका. खराब न होणारं काहीतरी ठेवायला द्या, चिंचोके, चित्रं, काहीही. त्याला फक्त साठवायला पाहिजे.

आणि "लवकर" म्हणू नका. "होळीनंतर" म्हणा. आमच्या गुरुजींनी मला एकदा सांगितलं होतं, "आधी संक्रांत, मग शिमगा, मग पट्टा पडंल, मग आई." फार लांब होतं ते. पण मोजता येत होतं.

पाटीपेन्सिल:

डोंगरवाट ताई, ३४ वर्षं प्राथमिकला काढून निवृत्त झाले. पोरं हसतात त्याबद्दल लिहिते.

परिपाठाच्या रांगेत सगळ्यांसमोर विचारू नका. रांग ही दाखवायची जागा आहे, पोरांना ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तर सगळी 'आनंदी'वर बोट ठेवतात. मी हजेरी घेताना एकेकाला टेबलापाशी बोलवायचे, वही तपासायच्या निमित्ताने. अर्धा मिनिट. नजर वहीवर, कान पोराकडे. डोळ्यात डोळे घालून विचारलं की सात वर्षांचं पोर गप्प होतं, वहीकडे बघत विचारलं की बोलतं.

दुसरं, तुमच्या तक्त्यातले शब्द पुस्तकातले. 'दुःखी' हा शब्द कुठलं पोर घरी वापरतं हो? त्यांच्याकडे आहेत ते शब्द त्यांच्याकडूनच घ्या. सोन्याचा 'करमंना' मला तर लाखाचा वाटला. घर आहे, जेवण आहे, कुणी मारत नाही, तरी जीव लागत नाही, हे सगळं एका शब्दात आलं. आमच्या शाळेत फळ्याच्या कडेला असे शब्द साठायचे: भ्या वाटतंय, जीव वर-खाली होतोय, कसंनुसं होतंय, लाज आली, रुसलोय, पोटात कालवतंय, वैताग आलाय, हुरूप आलाय. एक पोरगी म्हणाली होती, "बाई, मला जळायला होतंय." तिच्या बहिणीला नवीन फ्रॉक आला होता. हेवा म्हणजे काय हे मग मला शिकवावं लागलं नाही.

पोरं हसतात ती बहुतेक वेळा ओळखीने हसतात. तुमच्या वर्गात अशी नऊ आहेत ना? "आणखी कुणाला करमंना?" असं विचारून स्वतः आधी हात वर करा. तुम्हीही गाव सोडूनच आला असाल.

बोलकी बाहुली:

मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते, पुण्यात. तज्ज्ञांना भेटा म्हणणार नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलं तर माफ करा.

सहा-सात वर्षांची मुलं मनातलं पुष्कळदा अंगाने सांगतात. पोटदुखी खोटी नसते, पोट खरंच दुखतं. त्यामुळे "नाटकं करू नकोस" नको, आणि रोज घरी पाठवणंही नको, नाहीतर पोट आणि सुट्टी यांची गाठ पडते. "दुखतंय ना, इथे माझ्याजवळ बस, कमी झालं की उठ" एवढं पुरे होतं. "का मारलंस?" याचं उत्तर त्याच्याकडे नाही, तेव्हा तेही विचारू नका. "ती आईबरोबर आली, ते बघून तुझं काहीतरी झालं का?" असं विचारा. मारणं मात्र थांबवायचंच. राग आला तर चालतो, मारलेलं चालत नाही, ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. त्या मुलीकडेही बघा हो, सगळ्या धाग्यात तिची बाजू कुणीच घेतली नाही.

तुम्हाला वाटतंय की सांगितल्यावर काहीतरी करून दाखवलं पाहिजे. बरेचदा नाही करता येत. "आई लांब आहे आणि तुला तिची आठवण येते. मला कळलं" एवढं म्हणून थांबायला फार जड जातं, मला अजूनही जातं.

आवाक्याबाहेर कधी? जेवण तुटलं, झोप उडाली, खेळणं पूर्ण थांबलं आणि हे काही आठवडे चाललं. पूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आणि थांबेना. स्वतःला इजा करतोय, मरणाचं बोलतोय, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं, आणि शिक्षकानेही स्वतः फोन करून विचारलं तरी चालतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना वजन-उंचीबरोबर हेही सांगा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात.

आणि एक अवघड गोष्ट. आईवडील लांब असलेली मुलं जास्त उघड्यावर असतात. तेव्हा "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तो आपल्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांना कळवा. सोन्याच्या बाबतीत तसं काही दिसत नाही, पण नऊ मुलं आहेत म्हणून लिहिलं.

निवांत नाही:

फडावरचा, तुमचं वाचलं. मॉनिटरचं मागे घेतो.

गूळ-शेंगा:

मी दुसऱ्या टोकाला आहे, कारखान्याच्या बाजूला. आमच्या शाळेत तुमच्याकडची मुलं हंगामात येतात. इथेही पोरं "करमंना" म्हणतात, फक्त आजीसाठी! त्यामुळे मुलाला ठेवलं हे चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. फडावर तो दिवसभर धाकटीला सांभाळत बसला असता.

फोनचं बघा. तोडणीवाले पहाटेच फडात जातात, गाडी भरेपर्यंत फोन उचलत नाहीत. शाळेच्या वेळेत लावाल तर लागणार नाही आणि पोराचा हिरमोड होईल. संध्याकाळी कोपीवर लागतो. आधी मुकादमाशी बोलून वेळ ठरवा. ठरलेल्या दिवशी नक्की, मग आठवड्यातून एकदाच का असेना.

डोंगरवाट:

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांनी लिहितेय, मधे ऑनलाइन माहिती भरण्यात गेले.

झालं ते सांगते. चेहऱ्यांचा तक्ता उतरवला. मागच्या कोऱ्या बाजूला मुलांचे शब्द लिहितोय, आतापर्यंत चौदा. त्यात 'उचमळतंय' आहे आणि 'येडं वाटतंय' आहे. केंद्रप्रमुख आले तर काय म्हणतील देव जाणे. दाखवायला 'आनंददायी शनिवार' आहेच, तो उपक्रम २०२४ मध्ये शासनानेच काढलाय, त्यात बसवीन.

"आणखी कुणाला करमंना?" विचारून मी हात वर केला. माझं माहेर लातूरकडचं. सात हात वर आले. सोन्याचा आला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता.

चिंचोक्यांसाठी त्याला खडूचा रिकामा खोका दिला. खिचडी दोन दिवस दप्तरात गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. मारणं चालूच आहे. त्या मुलीला मी माझ्या टेबलाशेजारी बसवलं होतं, पण बाहुलीताई, तुमचं वाचल्यावर लक्षात आलं की जागा बदलायची शिक्षा तिलाच झाली. उद्या सोन्याला जवळ घेते, तिला तिच्या मैत्रिणीकडे परत पाठवते.

मुकादमाशी बोलणं झालं. रविवारी संध्याकाळी सात. वस्तीवर रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते, तर आजीला आणि सोन्याला घेऊन तिथे बसायचं ठरलंय. गूळ-शेंगा, एक सांगा: धाकटीचा आवाज त्याला ऐकू येऊ द्यावा की त्याने जास्त बिघडेल? रविवारच्या आधी उत्तर मिळालं तर बरं.