प्रतिसाद: ताऱ्यांची उत्क्रांती आणि तारकागुच्छ
एका ताऱ्याचे आयुष्य अब्जावधी वर्षांचे असताना त्याची उत्क्रांती कळते कशी, या प्रश्नाला वर्णपट (ताऱ्याच्या प्रकाशाची रंगांनुसार केलेली विभागणी) हे उत्तर दिले गेले आहे. पण माझ्या मते अधिक भक्कम आधार तारकागुच्छांचा आहे. गुच्छातील तारे वायू-धुळीच्या एकाच मेघातून जवळपास एकाच वेळी जन्मलेले असल्याने त्यांच्यातील फरक मुख्यतः वस्तुमानाचा उरतो. जड तारे हायड्रोजन आधी संपवतात, म्हणून तेजस्विता आणि तापमान यांच्या आलेखात मुख्य अनुक्रम (हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा) जिथे वळतो, म्हणजे हायड्रोजन संपलेले तारे जिथे पट्टा सोडू लागतात, तिथून गुच्छाचे वय काढता येते. सुमारे १० कोटी वर्षांच्या कृत्तिका या गुच्छामध्ये जड, अल्पायुषी निळे तारे अजून झळकतात. १२ अब्ज वर्षांच्या आसपासच्या गोलाकार गुच्छांत (जुन्या ताऱ्यांच्या दाट, गोल पुंजक्यांत) मात्र सूर्याएवढे तारेही केव्हाच श्वेतबटू (इंधन संपल्यावर उरलेला लहान, घन गाभा) झाले आहेत.