फील्ड प्रोजेक्टच्या अहवालात 'मी काय शिकले' या प्रकरणात चूक लिहावी का?

टेपवाली

नमस्कार मंडळी. एस.वाय. बी.एस्सी., भूगोल, राहणार हडपसर. नव्या धोरणामुळे आम्हाला दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आहे. आम्ही पाच जणांनी पुरंदर तालुक्यातल्या एका गावातल्या १४ विहिरींची पाणीपातळी डिसेंबर ते मार्च दर शनिवारी मोजली. अहवाल झालाय, फक्त शेवटचं प्रकरण उरलंय: 'या प्रकल्पातून झालेला माझा वैयक्तिक विकास', चार पानं. माझं गाडं तिथेच अडलंय.

आधी काय झालं ते सांगते, जरा लांबेल.

आम्ही हडपसरहून सासवड, तिथून एसटी, असं करत गावात साडेदहा-अकराला पोचायचो. तीस मीटरची टेप, टोकाला वजन, वही. विहिरीवर जायचं, टेप सोडायची, आकडा लिहायचा. मालकाला चार प्रश्न विचारायचे: विहीर किती परस, मोटर किती हॉर्सपॉवरची, किती तास चालते, पीक काय. (परस म्हणजे काय ते पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं. एका आजोबांनी 'पुरुषभर, सहा फूट धर' म्हणून सांगितलं आणि मग माझ्या उंचीकडे बघून 'तुझ्या मापानं नको' असंही म्हणाले.)

सहा शनिवार झाले. ७ नंबरच्या विहिरीचे आकडे असे, काठापासून पाण्यापर्यंत फुटात: २२, २७, २१, २८, २३, २९. म्हणजे पाणी एका आठवड्यात खाली, पुढच्या आठवड्यात वर, परत खाली. चौदापैकी नऊ विहिरींचं असंच. आलेख काढला तर करवतीचे दात. पाऊस तर थेंबभर नाही. मग मी काय केलं? दीड पान स्पष्टीकरण लिहिलं. 'भूगर्भातील पार्श्व प्रवाह', 'विलंबित पुनर्भरण' असले शब्द घालून. आमच्या गटात ते सगळ्यांना भारी वाटलं. मलाही.

जानेवारीअखेर मारुतीच्या पारावर गावाला आलेख दाखवायचं ठरलं. खरं सांगायचं तर फोटो लागतात म्हणून. पुरुष मंडळी पुढे, बायका देवळाच्या भिंतीला. मी पार्श्व प्रवाह समजावते आहे, सगळे माना डोलावताहेत. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "ह्यो पाण्याचा न्हाई गं बाई, लाईटीचा हाय."

गावात शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मोटरी सकाळपर्यंत चालून विहिरी उपसलेल्या असायच्या आणि आम्ही त्यानंतर दोन-तीन तासांत टेप घेऊन हजर. दिवसाच्या आठवड्यात रात्रभर पाणी साठलेलं, मोटर नुकती चालू झालेली. आम्ही सहा आठवडे महावितरणचं वेळापत्रक मोजत होतो.

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. ते दीड पान माझ्याच हातात होतं.

त्या मावशी म्हणजे ७ नंबरवाल्याच. फॉर्मवर 'विहीर मालक' या रकान्यात त्यांच्या मिस्टरांचं नाव, माहितीही त्यांनीच दिलेली: मोटर चार तास चालते. ते जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला. मोटर चालू-बंद करतात मावशी, रात्री बॅटरी घेऊन अंजिराला पाणी देतात मावशी. त्यांनी सांगितलं, दोनच तास चालते, मग फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं खालचं टोक) उघडा पडतो. चौदा विहिरींपैकी किती ठिकाणी आम्ही मोटर चालवणाऱ्या माणसाला विचारलं होतं? तीन.

मग पद्धत बदलली. मोटर सुरू होण्याआधी मोजायचं. पण दिवसाच्या आठवड्यात त्याचा अर्थ पहाटे, आणि रात्रीच्या आठवड्यात लाईट यायच्या आधी, रात्री नऊच्या सुमारास. आम्ही दोन्ही वेळेला हडपसरला! त्यामुळे फेब्रुवारीपासून मोजलं गावानेच. मावशी, त्यांच्या बचत गटातल्या दोघी आणि बारावीतला एक मुलगा. आम्ही शनिवारी जाऊन वही उतरवून घ्यायची आणि शंका विचारायच्या.

आता प्रश्न. आमचे मार्गदर्शक म्हणतात, पहिले सहा आठवडे काढून टाका, फेब्रुवारीपासूनचं ठेवा, अहवाल स्वच्छ दिसेल. शेवटच्या प्रकरणात संघभावना, नेतृत्वगुण, वेळेचं नियोजन लिहा. गटातल्या चौघांनी तेच लिहिलंय. मी बसले की मला ती करवत दिसते. हे लिहावं का? आणि लिहिलं तर त्याला 'माझा विकास' म्हणायचं का? चूक माझी, दुरुस्ती मावशींची, क्रेडिट परत माझेच.

बॅकलॉग_किंग

ताई, नेतृत्वगुण लिही, दोन क्रेडिट घे, मोकळी हो. ते प्रकरण परीक्षक वाचत नाही, पानं मोजतो. मी मागच्या वर्षी 'संघभावना' अकरा वेळा लिहिलं होतं. गटातल्या एकाशी आजही बोलत नाही.

भूजलवाला

माझी नोकरी विहिरी मोजण्यात गेली, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट, ते सहा आठवडे फेकू नका. आकडे चुकीचे नाहीत, त्यांना दिलेलं नाव चुकीचं आहे. तुम्ही स्थिर पातळी म्हणून जे लिहिलं ती उपशातली पातळी होती. प्रत्येक आकड्यासमोर मोजल्याची वेळ आणि मोटर कधी बंद झाली ती वेळ लिहा, मग बघा. मोटर थांबल्यावर विहीर किती वेळात किती भरते यावरून खालच्या खडकाचा स्वभाव कळतो. आपल्याकडे मुरूम संपला की काळा कातळ, त्यात पाणी राहतं ते भेगांत आणि सांध्यांत. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन विहिरी, एक दोन तासांत भरते, दुसरीला दोन दिवस लागतात. एकीला मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, लागलेला असतो, दुसरी अखंड पाषाणात उतरलेली असते. चौदापैकी पाच विहिरींना करवतीचे दात का नाहीत, हे शोधलंत का? मला त्या पाचांबद्दल जास्त उत्सुकता आहे.

दुसरी गोष्ट, लाजू नका. शासनाच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी चालू मोटरच्या विहिरीत टेप सोडतो. मी सोडली होती. मला सांगणारी मावशी भेटली नाही, साहेब भेटले. तुमचं बरं झालं.

आणि काठ म्हणजे जमीन की कठडा? सगळीकडे एकच धरलात ना? विहिरीवर ऑइलपेंटची खूण केलीत का?

टेपवाली

@भूजलवाला काका, खूण पहिल्या दिवसापासून आहे, लाल पेंट. तेवढं एक बरोबर केलं. त्या पाचपैकी तीन विहिरींवर मोटरच बसवलेली नाही, फक्त गुरांना आणि वापरायला पाणी शेंदतात. उरलेल्या दोन ओढ्याच्या कडेच्या, नव्या बंधाऱ्याखालच्या. हे आत्ता तुम्ही विचारल्यावर वही उघडून बघितलं. तीन महिने वही माझ्याकडेच होती.

कऱ्हाकाठ

मी त्याच तालुक्यातला, गाव वेगळं. जरा कडू बोलतो, राग मानू नका.

दर हिवाळ्यात आमच्याकडे कॉलेजं येतात. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, कुणाचा सर्व्हे, कुणाचा प्रोजेक्ट. चहा पितात, फॉर्म भरतात, पारावर फोटो काढतात. माझ्या वडिलांना विहिरीची खोली आत्तापर्यंत किती जणांनी विचारली असेल! त्यांनी शेवटी दारावर खडूनं लिहून ठेवली, ९ परस. खोटी गोष्ट नाही. परत येऊन 'तुमच्या विहिरीचं हे निघालं' असं सांगणारा एकही नाही.

पाण्याचा अभ्यास आम्हाला नवा नाही. ७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे आमच्या तालुक्यातल्या नायगावात येऊन बसले. पाणी जमिनीवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, हे पाणी पंचायतीचे नियम पोथीतून आलेले नाहीत. माणूस वर्षानुवर्षं राहिला, भांडणं ऐकली.

तुमच्या वैयक्तिक विकासाचं तुम्ही बघा. माझा एकच प्रश्न: गावात कागद ठेवलात का?

टेपवाली

@कऱ्हाकाठ दादा, नाही. ठेवला नाही.

ठेवणार होतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावायचा, चौदा विहिरी, मालकांची नावं, फेब्रुवारी-मार्चची पातळी. तर ११ नंबरवाले काका संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर गाठून म्हणाले, पोरी, माझं नाव नको. मुलाचं लग्न जमवतोय, येत्या रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत, बागायतदार म्हणून सांगितलंय. त्यांच्या विहिरीला तेव्हा चार फूट पाणी होतं.

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. मी नावं काढून नुसते नंबर टाकते म्हणाले. ते म्हणाले, ११ नंबर कोण हे गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

त्यावर गटात भांडण झालं. एकीचं म्हणणं, शास्त्र म्हणजे शास्त्र. माझं मत पडलं की आकडा त्यांच्या विहिरीचा आहे, तो भिंतीवर लावायचा की नाही हे मी कोण ठरवणार. पण मग तक्ता तसाच गुंडाळून राहिला, आमच्याकडे परीक्षा आली, आणि खरं कारण ११ नंबर की आमचा आळस, हे आता मलाच सांगता येत नाही.

मोहफूल

मी चंद्रपूरची, एम.ए. समाजशास्त्र. तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, एक बघितलेली गोष्ट सांगते.

आम्ही गडचिरोलीत मेंढा-लेखाला गेलो होतो. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते हे पुष्कळांना माहीत असतं. मला जास्त आवडले ते त्यांचे अभ्यास गट. एखाद्या विषयावर गावातले लोक बसतात, बाहेरचा जाणकार हवा तर बोलावतात, तोही त्याच गोलात बसतो. तिथे निर्णय होत नाही, नुसता अभ्यास. निर्णय नंतर ग्रामसभेत.

आम्ही प्रश्नावली घेऊन गेलो होतो. तिथे आम्हालाच उलट विचारलं की हे प्रश्न तुम्ही कुणासोबत बसून काढले. आमच्याकडे उत्तर नव्हतं, विभागात बसून काढले होते.

तुमच्या ११ नंबरचा प्रश्न तुम्ही पाच जणांनी होस्टेलवर (की हडपसरला) भांडून सोडवायचा नव्हताच. तो त्या वही लिहिणाऱ्या चौघांपुढे ठेवा. त्यांच्या गावात लग्नं कशी जमतात ते त्यांना जास्त कळतं.

निवृत्त_मास्तर

बाळ, मी बरीच वर्षं प्रकल्प तपासले आहेत. 'बॅकलॉग किंग' म्हणतात ते अर्धं खरं आहे, आम्ही पानं मोजतो, कारण पानांवर मोजण्यापलीकडे काही नसतं. ज्या अहवालात 'येथे आमचे चुकले' असं असतं तिथे चष्मा पुसून परत वाचतो. सरांना सांग, काढून टाकण्याऐवजी स्वतंत्र प्रकरण करते. मानतील. नाही मानले तर परिशिष्टात घाल, पण घाल.

शुद्धलेखन मात्र तपास. 'पार्श्व' नीट लिहिलं आहेस, याबद्दल अर्धा गुण.

बॅकलॉग_किंग

मास्तर, माझे संघभावनेचे अकरा गुण राहिलेत.

टेपवाली

बारा दिवसांनी परत लिहितेय. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार, कऱ्हाकाठ दादांचे जरा जास्त.

मागच्या रविवारी आम्ही तिघं गेलो, शनिवारचा मुक्काम मावशींकडे. सकाळी साडेसहाला डेअरीवर, कारण दूध घालायला सगळी घरं येतात, पारावर येत नाहीत. तक्त्याचा प्रश्न त्या चौघांपुढे ठेवला. निर्णय दोन मिनिटांत झाला. भिंतीवर फक्त मोटर नसलेल्या तीन विहिरी लावायच्या, त्या कुणा एकाच्या नाहीत, भावकीच्या आहेत, आणि गावाचं पाणी उतरलं की चढलं ते त्यांवरून कळतंच. बाकीच्या अकरांचा आकडा ज्याचा त्याला चिठ्ठीवर. भूजलवाला काका, तुमचे तीन असे उपयोगी पडले.

११ नंबरच्या चिठ्ठीवर काकांनी दोनदा बोट फिरवलं आणि खिशात घातली. लग्न जमलंय.

कॉलेजमध्ये सहा आठवड्यांचं वेगळं प्रकरण मंजूर झालं, 'उपशातील पातळी' या नावाने. चार पानांचं शेवटचं प्रकरण अजून पावणेदोन पानांवर आहे. त्यात ते दीड पान जसंच्या तसं टाकलंय, पार्श्व प्रवाहासकट, आणि खाली मावशींचं एक वाक्य.

टेप गावातच ठेवून आलो. ती कॉलेजच्या लॅबची, हरवली म्हणून तीनशे रुपये भरावे लागले, पाच जणांत साठ-साठ. शास्त्रवालीनेही दिले.

काल रात्री मावशींचा मेसेज आला, मुलाकडून लिहून घेतलेला: "७ नं. पहाटे ५.१०. ३१ फूट. लाईट दिवसाची. मोटर बंद होती. तुमी कॉलेजात आमच्याबद्दल काय लिवलंय ते पाठवा."

अजून पाठवलेलं नाही. आधी ते 'पुनर्भरण' काढते.