मार्क अपेलचं चौथं वर्ष

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) मार्क अपेल याच्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की 2012 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाचे 38 लाख डॉलर नाकारून तो कॉलेजच्या चौथ्या वर्षासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात परतला तो निव्वळ हव्यासापोटी. मला हे अजिबात पटत नाही.

व्यावसायिक संघाशी बोलणी करताना कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूच्या हातात हुकमाचं पान असतं: 'पैसे वाढवा, नाहीतर मी चाललो कॉलेजात.' चौथ्या वर्षानंतर ते पान उरत नाही, म्हणून संघ त्या मुलांना सर्रास कमी पैशांत गुंडाळतात. त्यात पिचरचा खांदा किंवा कोपर एका चेंडूत जाऊ शकतो. हव्यासी माणूस एवढी जोखीम घेईल?

आणि ते वर्ष त्याने गाजवलं! 106 इनिंग्जमध्ये 130 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ईआरए 2.12, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावांची सरासरी; ती जितकी कमी तितकी चांगली. पहिल्या वर्षी बहुतेकदा सामना सुरू झाल्यावर मध्येच गोलंदाजीला येणारा हा मुलगा चार हंगामांत 372 स्ट्राइकआउटपर्यंत पोचला, स्टॅनफर्डचा विक्रम मोडून. संघ मात्र त्या साली एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) स्पर्धेत पोचलाच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

2013 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला सगळ्यांत आधी उचललं, 63.5 लाख डॉलर देऊन. पुढे मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीच्या व्यावसायिक लीगमध्ये) दुखापती झाल्या, फॉर्म हरवला, 2018 मध्ये तो खेळापासून दूरही झाला. पण त्याचं खापर कॉलेजच्या चौथ्या वर्षावर का फोडायचं? 2021 मध्ये तो परतला आणि जून 2022 मध्ये, तिशीत, फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, उतरला. पहिल्या इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही.